मॉडेल १०० मधला मजकूर तारेवरून नव्या संगणकात

माझं टीआरएस-८० मॉडेल १०० चार पेन्सिल सेलवर चालतं. १९८३ सालचा, मांडीवर मावणारा संगणक. बनवलं जपानच्या क्योसेराने, विकलं टँडीने आपल्या रेडिओ शॅक दुकानांतून. पडद्यावर चाळीस अक्षरांच्या आठच ओळी मावतात, पण बटण दाबताच लिहायला तयार असतं आणि कीबोर्ड इतका चांगला आहे की इंग्रजी मजकुराचा पहिला खर्डा मी आजही त्यावरच करते. लिहून झालं की प्रश्न येतो ते बाहेर काढण्याचा. यूएसबी नाही, फ्लॉपी नाही. मागच्या बाजूला पंचवीस पिनांचं एक सीरियल पोर्ट, म्हणजे एकेक बिट करून माहिती पाठवणारी जोडणी आहे, आणि खरं सांगते, तेवढं पुरतं.

मी बरीच वर्षं प्रयोगशाळेतली मोजमापाची यंत्रं दुरुस्त करत होते. त्यातली कितीतरी सीरियल तारेवरूनच बोलायची. त्या कामाने एक सवय लावली: दोन टोकं जोडायच्या आधी प्रत्येक टोक एकेकटं तपासायचं. बहुतेक जण केबल लावतात, पडद्यावर काही येत नाही, मग बॉड रेट, म्हणजे तारेवरचा वेग बदलतात, केबल बदलतात, सॉफ्टवेअर बदलतात, आणि दोन तासांनी नेमकं काय बिघडलं होतं हे कुणालाच सांगता येत नाही. खाली जो क्रम देते आहे तो या सवयीतून आला आहे. जमलं तर तो मोडू नका.

काहीही करायच्या आधी एक गोष्ट. या यंत्रात डिस्क नाही, सगळ्या फायली रॅममध्ये असतात. सेल काढले तरी आतली छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी काही दिवस ती रॅम जिवंत ठेवते. यंत्राच्या पोटाखाली मेमरी पॉवरचा एक बारीक स्विच आहे, तो बंद केला की ही बॅटरीही तुटते. एकदा मी खालची बाजू पुसत होते आणि कापडाने तो स्विच सरकला. यंत्र सुरू केलं तेव्हा मेनूवर एकही माझी फाइल नव्हती. तीन आठवड्यांचं लिखाण होतं ते. तेव्हापासून यंत्र पालथं घालायच्या आधी मी सगळं बाहेर काढून घेते. तुमचं यंत्र नुकतंच हातात आलं असेल आणि आत आधीच्या मालकाच्या फायली दिसत असतील, तर ताजे सेल घाला, स्विचला हात लावू नका, आणि आतली गळकी बॅटरी बदलण्याचं काम मजकूर सुरक्षित झाल्यावर करा. ती बॅटरी बदलायची मात्र नक्की, कारण चाळीस वर्षांनी ती गळतेच आणि खालचा बोर्ड खाते.

आता अडॅप्टर. नव्या संगणकाला यूएसबी ते आरएस-२३२ (सीरियल पोर्टच्या सिग्नलचं मानक) अडॅप्टर हवा, ज्याच्या टोकाला नऊ पिनांचा कनेक्टर असतो. सुट्या वायरी बाहेर आलेले छोटे बोर्ड मिळतात ते यूएसबी ते टीटीएल असतात. ते इथे चालत नाहीत. टीटीएलमध्ये सिग्नल शून्य ते ३.३ किंवा ५ व्होल्टमध्ये फिरतो. आरएस-२३२ मध्ये एक स्थिती धन व्होल्टेजने दाखवतात आणि दुसरी ऋण व्होल्टेजने, ३ पासून १५ व्होल्टपर्यंत काहीही. शिवाय दोन्हींचा अर्थ उलटा असतो. मॉडेल १०० ची ऋण तार सरळ टीटीएल चिपच्या पायावर आली तर ती चिप जळू शकते. मी एफटीडीआयची एफटी२३२आर चिप असलेला अडॅप्टर वापरते. ही चिप एक्सऑन-एक्सऑफ, म्हणजे ‘थांब’ आणि ‘चालू दे’ हे इशारे, स्वतः हाताळू शकते. त्याचं महत्त्व पुढे कळेल.

केबल विकत घेण्यापेक्षा स्वतः सोल्डर करा. काम अर्ध्या तासाचं आहे आणि आत काय जोडलंय हे तुम्हाला कायमचं माहीत राहतं. मॉडेल १०० च्या पोर्टला भोकं आहेत, म्हणून केबलचं ते टोक पंचवीस पिनांचं मेल. अडॅप्टरला पिना असतात, म्हणून दुसरं टोक नऊ पिनांचं फीमेल. दोन्ही यंत्रं स्वतःला संगणक समजतात, मोडेम कुणीच नाही, त्यामुळे एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जाईल अशी फुली पाडावी लागते. यालाच नल मोडेम म्हणतात. गंमत अशी की पंचवीस पिनांवर बोलण्याची पिन २ आणि ऐकण्याची ३, तर नऊ पिनांवर हेच आकडे आधीपासून उलटे. त्यामुळे फुली पाडायला २ ला २ आणि ३ ला ३ असंच जोडायचं. हे पहिल्यांदा करताना मी चार वेळा कागदावर काढून पाहिलं होतं. डावीकडे मॉडेल १००, उजवीकडे अडॅप्टर:

२ — २
३ — ३
७ — ५, ही ग्राउंड
४ — ८
५ — ७
६ — ४
२० — ६, आणि नऊ पिनांच्या बाजूला ६ व १ एकमेकींना

घाई असेल तर पहिल्या तीन तारांवरही मजकूर जातो. अशा वेळी प्रत्येक टोकाला उरलेल्या पिना आपसात जोडून टाका: मॉडेल १०० कडे ४ ला ५ आणि ६ ला २०, अडॅप्टरकडे ७ ला ८ आणि ४ ला ६ व १. म्हणजे ‘समोरचा तयार आहे का’ असं विचारणाऱ्या प्रोग्रामला स्वतःचाच होकार मिळतो आणि तो अडून बसत नाही. सोल्डर करताना कनेक्टरच्या प्लॅस्टिकवर कोरलेले बारीक आकडे भिंगातून वाचा. मागून पाहताना क्रम आरशासारखा फिरतो, आणि माझ्या पाहण्यातल्या निम्म्या बिघडलेल्या केबली याच एका कारणाने बिघडलेल्या होत्या.

केबल तयार झाली तरी अजून लावू नका. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. आरएस-२३२ मध्ये बोलणारी तार गप्प असतानाही ऋण व्होल्टेजवर उभी असते. ऐकणारी तार मोकळी असली तर शून्याच्या आसपास राहते. या एका गोष्टीवर मी कुठल्याही अनोळखी यंत्राचं पोर्ट ओळखते, पुस्तिका नसली तरी. अडॅप्टर संगणकाला लावा, टर्मिनल प्रोग्राममध्ये (जो टाइप केलेलं तारेवर पाठवतो आणि आलेलं पडद्यावर दाखवतो) पोर्ट उघडा, काळी तार पिन ५ वर आणि लाल पिन ३ वर टेकवा. साधारण उणे पाच ते उणे दहा व्होल्ट दिसायला हवेत. मग मॉडेल १०० सुरू करा, मेनूतून टेलकॉम हा त्याचा संपर्काचा प्रोग्राम उघडा, एफ३ स्टॅट दाबून रोमन अक्षरांत ८८एन१ई टाइप करा (का ते पुढे सांगते), आणि एफ४ दाबून टर्ममध्ये, म्हणजे त्याच्या टर्मिनलमध्ये जा. काळी तार ७ वर, लाल २ वर. इथे साधारण उणे पाच दिसतात, कारण चार सेलवर चालणाऱ्या यंत्राकडून त्याहून जास्त मिळत नाही, आणि तेवढे पुरतात. केबल दोन्हीकडे लावल्यावर २ आणि ३ या दोन्ही पिनांवर ऋण व्होल्टेज दिसलं, तर फुली बरोबर पडली आहे. एकीवर ऋण आणि दुसरीवर शून्य दिसलं, तर बोलणाऱ्या दोन तारा एकमेकींवर आदळताहेत, म्हणजे केबल सरळ आहे.

व्होल्टेज जुळलं की दुसरी चाचणी. अडॅप्टरच्या २ आणि ३ या पिना छोट्या वायरने जोडा आणि टर्मिनल प्रोग्राममध्ये टाइप करा. लोकल एको, म्हणजे टाइप केलेलं प्रोग्रामने स्वतःच दाखवणं, बंद असेल तर तुम्ही टाइप केलेलं अक्षर अडॅप्टरमधून बाहेर जाऊन परत येतं आणि पडद्यावर दिसतं. वायर काढली की अक्षरं यायची थांबली पाहिजेत. ही दुसरी पायरी लोक विसरतात आणि एको चालू असल्याने फसतात. हेच मॉडेल १०० वर करा: पोर्टच्या २ आणि ३ मध्ये वायर, टर्ममध्ये टाइप करणं. खाली एफ४ वर फुल लिहिलेलं असावं, म्हणजे यंत्र टाइप केलेलं स्वतः दाखवत नाही. अक्षरं परत आली नाहीत तर ४-५ आणि ६-२० याही जोडून बघा. दोन्ही टोकं स्वतःशी बोलू लागली की बिघाड राहण्याची जागा उरते फक्त केबलमध्ये आणि सेटिंगमध्ये.

सेटिंग टेलकॉममध्ये एफ३ स्टॅटने होतं. नव्याने सुरू झालेल्या यंत्रात ते एम७आय१ई असतं. त्यातला एम म्हणजे आतला ३०० बॉडचा मोडेम. तो असेपर्यंत सीरियल पोर्ट मुकंच राहतं, आणि ‘केबल ठीक आहे पण काहीच येत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. त्या जागी ८८एन१ई टाइप करा, अर्थात रोमन अक्षरांत. पहिला आठ म्हणजे ९६०० बॉड. या जागी १ ते ९ आकडे चालतात: ३ म्हणजे ३००, ५ म्हणजे १२००, ६ म्हणजे २४००, ९ म्हणजे १९२००. दुसरा आठ म्हणजे आठ बिट, एन म्हणजे पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट, आणि शेवटचा ई म्हणजे एक्सऑन-एक्सऑफ चालू. नव्या संगणकावरही हेच ठेवा: ९६००, ८, नाही, १, आणि फ्लो कंट्रोलच्या जागी एक्सऑन-एक्सऑफ. मी विंडोजवर टेरा टर्म वापरते, पण कुठल्याही टर्मिनल प्रोग्राममध्ये हीच नावं दिसतील.

बॉड रेटची अचूकता या यंत्रात मुळातच आहे. त्याचा ८०सी८५ प्रोसेसर २.४५७६ मेगाहर्ट्झवर चालतो. आकडा विचित्र वाटतो ना? ९६०० ला २५६ ने गुणून पाहा. ज्याने तो स्फटिक निवडला त्याच्या मनात सीरियल पोर्ट होतं हे पाहून मला दर वेळी आनंद होतो.

आता केबल लावा आणि मॉडेल १०० वरून इंग्रजी मुळाक्षरं मोठ्या लिपीत टाइप करा. सगळी नीट आली तर उत्तम. सगळाच कचरा आला तर बॉड रेट जुळत नाही. ए, बी, डी, जी बरोबर आणि सी, ई, एफ चुकीची आली, तर मॉडेल १०० सात बिट आणि सम पॅरिटी पाठवत आहे आणि तुम्ही आठ बिट वाचताय. ए, बी, डी, जी यांच्या संकेतात एक या अंकांची संख्या सम आहे म्हणून त्यांचा पॅरिटी बिट शून्य राहतो. बाकीच्यांचा एक होतो आणि तोच आठवा बिट म्हणून वाचला जातो. ही खूण लक्षात असली की सेटिंगची अंदाजबाजी करावी लागत नाही.

मजकूर बाहेर काढणं सोपं आहे, कारण वेगवान बाजू ऐकणारी आहे. टेरा टर्ममध्ये आधी लॉग सुरू करा, म्हणजे आलेलं सगळं फाइलमध्ये उतरत जाईल. मग मॉडेल १०० च्या टर्ममध्ये एफ३ अप दाबा, फाइलचं नाव द्या, आणि पुढे विड्थ विचारलं की काहीही न लिहिता एंटर. तिथे ८० लिहिलंत तर दर ऐंशी अक्षरांच्या आत ओळ तोडली जाते आणि नंतर परिच्छेद सांधत बसावं लागतं. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरं जाऊ शकतात, कारण प्रत्येक अक्षरामागे सुरुवातीचा आणि शेवटचा धरून दहा बिट लागतात. फाइल पूर्ण आली की लॉग बंद करा. सगळ्या ओळी एकावर एक छापल्या गेल्यासारख्या दिसल्या तर घाबरू नका. ओळीच्या शेवटी फक्त कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला जा) आलं आहे, लाइन फीड (खालच्या ओळीवर जा) नाही. ज्या एडिटरमध्ये ओळींचे शेवट बदलता येतात त्यात फाइल उघडून ते बदला.

उलट दिशेला खरं काम आहे. नव्या संगणकाच्या मानाने मॉडेल १०० अतिशय सावकाश आहे. आलेलं प्रत्येक अक्षर त्याला पडद्यावर दाखवायचं असतं, पडदा वर सरकवायचा असतो आणि फाइलमध्येही घालायचं असतं. मध्ये आलेली अक्षरं ठेवायला त्याच्याकडे ६४ बाइटचा बफर आहे. ९६०० बॉडला तो पंधराव्या हिश्श्याइतक्या सेकंदात भरतो. भरत आला की यंत्र एक्सऑफ पाठवतं: थांब. जुन्या काळी समोरचं यंत्र लगेच थांबायचं. आज मध्ये यूएसबी आहे. संगणकाने अडॅप्टरच्या पोटात एकदम बरीच अक्षरं ओतलेली असतात. ‘थांब’ हा इशारा ड्रायव्हरपर्यंत पोहोचून परत येईपर्यंत ती बाहेर पडून जातात आणि मॉडेल १०० मध्ये सांडतात. कुठलीही चूक दाखवली जात नाही. फाइल वरून ठीक दिसते आणि मधूनच अर्धा शब्द, कधी दोन ओळी गायब असतात. माझ्या एका लांब लेखात असं घडलं होतं. मी त्यावर पुढे चार दिवस काम केलं, आणि मग लक्षात आलं की एक वाक्य सुरुवातीचं आहे आणि त्याचा शेवट दुसऱ्याच वाक्याचा आहे.

इशारा चिपमध्येच ओळखणारा अडॅप्टर मी म्हणून घेतला. पण तेवढ्यावर विसंबू नका, वेगही कमी करा. आत पाठवताना मी १२०० बॉड ठेवते, म्हणजे स्टॅटमध्ये ५८एन१ई. आता तोच बफर भरायला अर्धा सेकंद लागतो आणि थांबायला वेळ मिळतो. टेरा टर्मच्या सीरियल सेटिंगमध्ये प्रत्येक अक्षरानंतर आणि प्रत्येक ओळीनंतर किती मिलिसेकंद थांबायचं ते लिहायची सोय आहे. ओळीनंतरचा थांबा मी २०० ठेवते. २४,००० अक्षरांच्या फाइलला १२०० बॉडवर २०० सेकंद लागतात, अधिक ओळींचे थांबे. तेवढा वेळ मी समोर बसून वाचत राहते. यंत्र ३२ किलोबाइटचं असेल तर पूर्ण रिकाम्या अवस्थेत मेनूवर २९,६३८ बाइट मोकळे दिसतात. फाइल पाठवण्याआधी तो आकडा पाहा, कारण मधेच जागा संपली तर उरलेलं बाहेरच राहतं.

कृती अशी: मॉडेल १०० च्या टर्ममध्ये एफ२ डाउन, फाइलला सहा अक्षरांपर्यंतचं नाव, मग टेरा टर्ममधून फाइल पाठवा. संपल्यावर पुन्हा एफ२, नाहीतर पुढे टाइप केलेलंही फाइलमध्ये जात राहील.

पाठवायची फाइल साधी इंग्रजी अक्षरांचीच हवी. मराठी मजकूर पाठवून पाहण्याचा मोह मलाही झाला होता. यूटीएफ-८ या आजच्या अक्षर-संकेत पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं, आणि मॉडेल १०० ला त्या बाइटमध्ये स्वतःची चित्रचिन्हं आणि युरोपीय अक्षरं दिसतात. ‘नमस्कार’ या सात चिन्हांच्या शब्दाचे एकवीस वेगळेच आकार पडद्यावर येतात. पण देवनागरी नसली तरी धोका संपत नाही: आजचे एडिटर परस्पर वळणदार अवतरणचिन्हं आणि लांब डॅश घालतात, तीही तीन-तीन बाइटची. पाठवण्याआधी ती साधी करून घ्या.

बेसिकमधले प्रोग्राम यंत्रात संक्षिप्त संकेतांत साठवलेले असतात, त्यांच्या नावाला बीए हे शेपूट असतं. ते टेलकॉमने जसेच्या तसे पाठवू नका. बेसिकमध्ये प्रोग्राम लोड करून सेव्ह करताना नावाला डीओ शेपूट द्या, म्हणजे तो साधा मजकूर बनतो आणि वरच्याच रीतीने जातो. मशीन कोडच्या सीओ फायलींना ही वाट चालत नाही. त्यातला एखादा बाइट नेमका ‘थांब’ या इशाऱ्याचाच असू शकतो. अशा फायलींसाठी बाइट आकड्यांच्या रूपात लिहून पलीकडे पुन्हा जुळवणारा छोटा बेसिक प्रोग्राम लागतो.

एनईसीचं पीसी-८२०१ आणि ऑलिव्हेटीचं एम१० ही याच यंत्राची भावंडं, तीही क्योसेराचीच. त्यांची बटणं आणि मेनू थोडे वेगळे आहेत, पण मल्टिमीटर, स्वतःशी बोलण्याची चाचणी आणि सावकाश वेग हे सगळं तसंच लागू पडतं. तुमचं जुनं यंत्र डॉसवर चालणारं असेल तर तुमचं काम बरंच हलकं आहे. तिथे कर्मिट किंवा एक्समोडेम या फाइल पाठवण्याच्या पद्धती वापरा. एक्समोडेम १२८ बाइटचा एकेक तुकडा पाठवतो, त्याची बेरीज तपासतो आणि चुकला तर पुन्हा मागतो. मॉडेल १०० च्या टेलकॉममध्ये अशी कुठलीही पडताळणी नाही, म्हणून ती आपण करायची.

मी ती अशी करते. आत पाठवलेली फाइल लगेच एफ३ अपने परत बाहेर काढते, वेगळ्या नावाने. दोन्ही फायलींचे ओळींचे शेवट सारखे करून घेते आणि फरक दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये शेजारी शेजारी ठेवते. एकही फरक निघाला नाही की मूळ फाइल जपून ठेवते, मॉडेल १०० च्या टर्ममध्ये एफ८ बाय दाबते, डिस्कनेक्ट करायचं का या प्रश्नाला वाय टाइप करून एंटर देते, आणि मगच केबल काढते.